अर्ध्या मैदानाची आत्या

माझ्या आत्याचा राग काही लोकांच्या सर्दीसारखा आहे. बाराही महिने असतो, हंगामात वाढतो. हंगाम म्हणजे राष्ट्रीय महिला फुटबॉल लीगचा. या लीगमध्ये एक वरचा गट आहे आणि एक खालचा. वरच्या गटात देशभरातले निवडक संघ. आणि त्या निवडकांत, गुणतक्त्याच्या अगदी तळाशी, उंबरठ्यावर बूड टेकून बसलेला आमच्या क्लबचा संघ. त्याची गोलकीपर माझी आत्या. मैदानावर तिला ‘कुलूप’ म्हणतात. संघातल्या मुली ‘कुलूपताई’ म्हणतात. समोरच्या संघातल्या मुली काय म्हणतात ते छापण्याजोगं नाही.

तिचा राग आरडाओरड्याचा नाही, निदान सुरुवातीला नाही. आधी ती गप्प होते. मग नाकाचा शेंडा पांढरा पडतो. बाकीच्यांचा रागाने लाल होतो, हिचा पांढरा. तो दिसला की माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, पेपर उचलून गॅलरीत जातात. ते तिच्याहून मोठे आहेत, पण फक्त जन्मदाखल्यावर. नातेवाईक विचारायचे, ‘काय गं, अजून खेळतेस?’ ती म्हणायची, ‘काय हो, अजून विचारताय?’ हळूहळू नातेवाईक विचारायचे थांबले. खेळ चालू राहिला.

दिवसा ती चष्म्याच्या दुकानात कामाला असते. पुढे काउंटरवर काका, म्हणजे दुकानाचे मालक. ते आमचे कोणी लागत नाहीत, पण गल्लीत ते सगळ्यांचेच काका. मागे पडद्याआड एक चिंचोळी खोली, तिथे आत्या. घासायच्या चाकावर पाण्याची धार सोडायची, काच फिरवत फिरवत फ्रेमच्या मापाला आणायची, खोबणीत बसवायची आणि मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू पिळायचा. तिचे पंजे एवढे मोठे की चहाचा कप हातात दिसेनासा होतो; त्या पंजांत तो स्क्रू हरवत कसा नाही, हे मला अजून कळलेलं नाही. तिच्या खेळाचा दुकानाला फायदाही होतो. पंच तिला पिवळं कार्ड दाखवतात. सामना संपल्यावर हात मिळवताना ती पंचांना दुकानाचं कार्ड देते. दोघंतिघं खरोखरच येऊन चष्मे करून गेले. त्यातल्या एकाला पुढच्या हंगामात तिचे गुन्हे लांबूनही दिसायला लागले, पण ती तक्रार तिने कधी केली नाही. काम चोख झालं होतं ना.

आता मूळ रागाकडे येते.

क्लबचं मैदान एकच. महिलांना सरावाला संध्याकाळची वेळ, आणि मैदान अर्धं. रस्त्याकडचं. दुसऱ्या अर्ध्यात त्याच वेळी पुरुषांचा कुठला ना कुठला संघ असायचाच. पहिला नसला तर राखीव, राखीव नसला तर शाळकरी पोरांचा, आणि कोणीच नसलं तर तिथलं गवत वाढवायचं असायचं. मध्यरेषेवर लाल प्लास्टिकच्या शंकूंची रांग मांडलेली. पलीकडे पाऊल पडलं की शिट्टी. ही व्यवस्था तात्पुरती आहे, असं कोपऱ्यातल्या फळ्यावर लिहिलेलं होतं. ते लिहिणारा माणूस निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती.

घरात अंधारात उठलं तरी आपले पाय बरोबर टेबलाला वळसा घालतात. या मुलींचं तसंच झालं. मागून चेंडू घेऊन सुटायच्या, आणि मध्यरेषा आली की पाय आपोआप आखडायचे. समोर मोकळं रान असलं तरी. थांबायचं, वळायचं, आडवा पास द्यायचा. यात सगळ्यांत वस्ताद आमची लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचाव सांभाळणारी. ही सकाळी टपाल वाटते, म्हणून तिला टपालवाली म्हणतात. जिने चढून चढून पायांत असा वेग आला आहे की सुटली की कोणाच्या बापाला सापडायची नाही. पण रेषेपर्यंतच. जणू पुढचा भाग दुसऱ्या पोस्टमनचा.

समोरच्या संघांना हे कळायला वेळ लागला नाही. त्यांचे कोच बाहेरून ओरडायचे, ‘जाऊ नका अंगावर, ती थांबेल.’ आणि ती थांबायची. आत्याच्या नाकाचा शेंडा मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा.

दुसरा घोटाळा याहून मोठा. अर्ध्या मैदानात गोल एकच, आणि त्या गोलमध्ये आत्या. म्हणजे आमच्या फॉरवर्ड मुलींचा सगळा सराव तिच्यावर. ती सरावातही गोल होऊ देत नाही. चुकून झालाच तर करणारीशी घरी जाईपर्यंत बोलत नाही. त्यामुळे चेंडू जाळीत जातो ही गोष्ट त्या बिचाऱ्यांनी ऐकलेली होती, पाहिलेली फारशी नव्हती. सामन्यात कधी गोल झाला तर मुलगी कपबशी फुटल्यासारखी इकडेतिकडे बघायची, कोणी पाहिलं तर नाही ना.

तर खायचाही नाही आणि करायचाही नाही, असा आमचा खेळ. शून्य-शून्य करत करत संघ वरच्या गटात टिकून राहिला, आणि वार्षिक सभेत क्लबचे अध्यक्ष कौतुकाने म्हणायचे की बचाव हे आपल्या महिलांचं वैशिष्ट्य आहे. वैशिष्ट्य म्हणे. माणसाला एकाच पायात बूट द्यायचा आणि मग तो लंगडी किती छान घालतो म्हणून टाळ्या वाजवायच्या.

बाकीचं तर विचारूच नका. महिलांचे सामने भर दुपारी, कारण संध्याकाळ पुरुषांची आणि दुपारी दिवे लावावे लागत नाहीत. परगावी सामना असला तर रात्रभर रेल्वेत अवघडून बसायचं आणि उतरायचं ते थेट उन्हात. अंगात पुरुषांच्या संघाच्या जुन्या जर्सी, बाह्या कोपराच्या खाली, आणि पाठीवर भलत्याच कोणाचं तरी आडनाव, पट्टी चिकटवून झाकलेलं. घाम आला की पट्टी सुटायची. एका सामन्यात आत्याच्या पाठीवरून असंच एक आडनाव बाहेर आलं, आणि निवेदकाने उरलेला सगळा वेळ तिला त्याच नावाने पुकारलं. तिने चेंडू अडवला की त्या गृहस्थाचं कौतुक. तो गृहस्थ केव्हाच क्लब सोडून गेला होता. हे मी कोणाला सांगितलं की ऐकणारे हसतात, मीही हसते.

यंदाचा हंगाम वाईट गेला. शून्य-शून्यने भागेना. शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता, आणि परिस्थिती अगदी सरळ होती. जिंकलो तर वरच्या गटात राहू; बरोबरी झाली तरी खाली जाऊ. आणि खाली गेलो तर क्लब हा संघच बंद करणार, अशी कुजबुज ऑफिसातल्या शिपायापर्यंत पोचली होती. बरोबरीत मुरलेल्या संघाला जिंकायला सांगणं म्हणजे जन्मभर दारं लावत आलेल्या माणसाला एकदम दार फोडायला सांगणं.

संघाच्या मॅडम शाळेत खेळाच्या शिक्षिका आहेत, स्वभावाने अगदी गरीब. त्या उसासा टाकून म्हणाल्या की जरा पूर्ण मैदान मिळालं असतं तर. दर हंगामात त्या हे म्हणत. या वेळी आत्याने ते ऐकलं आणि काही बोलली नाही. बाबांनी त्या संध्याकाळी पेपर दोनदा वाचला.

दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष दुकानात आले. चष्म्याची काडी कानामागे टोचते अशी तक्रार. काकांनी त्यांना आत पाठवलं, स्टुलावर बसवलं. आत्याने चष्मा काढून घेतला. चष्म्याशिवाय अध्यक्षांना दार आणि भिंत यांत फरक करता येत नाही, म्हणून ते होते तिथेच राहिले. काडी गरम करता करता आत्याने विषय काढला. शेवटच्या सामन्याआधी आठवडाभर पूर्ण मैदान पाहिजे.

अध्यक्ष आवाजाच्या दिशेने हसले. दिशा चुकली, ते गॉगलच्या स्टँडकडे बघून हसले. मैदान सगळ्यांचंच आहे, मी काही एकटा मालक नाही, मोठ्या कोचना विचारावं लागेल, असं बरंच बोलले. मोठे कोच म्हणजे पुरुषांच्या संघाचे. ते मोठे, म्हणून आमच्या मॅडम आपोआप छोट्या. मग आवाज आणखी गोड करून अध्यक्षांनी सांगितलं की ताई, मनाला लावून घेऊ नका, खाली गेलात तर संघाला विश्रांती द्यायचं आम्ही ठरवलंच आहे.

“कोण दमलंय?” आत्याने विचारलं.

आत्याने चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, कानामागे बोट फिरवून पाहिलं, टोचत नाही ना विचारलं. टोचत नव्हता. तिने रागात काडी मुद्दाम घट्ट करून दिली असणार, असं बाबांना अजून वाटतं. तसं काही नाही. कामात ती राग आणत नाही. कामाबाहेर मात्र हात राखून वापरत नाही.

संध्याकाळी मॅडम आणि आत्या मोठ्या कोचकडे गेल्या. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि वाटाण्याच्या अक्षता लावल्या. पुरुषांचा हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश होता, पण संघाची लय बसत आली होती म्हणे, ती मोडायला नको. शिवाय पूर्ण मैदानात मुलींची दमछाक होईल, अशी त्यांना काळजी. मॅडमनी त्यांचे आभार मानले. आभार. मॅडमचा पिंडच तसा आहे. बसमध्ये कोणी त्यांच्या पायावर पाय दिला तर आधी त्याच ‘सॉरी’ म्हणतात. आत्याने घरी येऊन ग्लोव्हज धुतले आणि दोरीवर वाळत घातले. जेवताना तिने मीठसुद्धा मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर मैदानावर गेले. मुली आपल्या अर्ध्यात अंग मोकळं करत होत्या. पलीकडे पुरुषांचा पहिला संघ गोलवर फटके मारायचा सराव करत होता. आत्या आपल्या गोलकडे वळलीच नाही. सरळ चालत शंकूंच्या रांगेपाशी आली आणि एका शंकूवरून पाय टाकून पलीकडे गेली. शिट्टी वाजली. ती चालत राहिली. पुन्हा वाजली. ती त्यांच्या गोलमध्ये जाऊन उभी राहिली. तिथला गोलकीपर पोरसवदा होता, आमच्याच दुकानातून चष्मा नेणारा. त्याने काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, तू बस जरा. तो बसला.

बाईला हौस आलीय, भागवू या, असं मोठ्या कोचना वाटलं असावं. त्यांनी खूण केली आणि फटके सुरू झाले. आता तिने एकूण एक फटका अडवला असं मी लिहीन, अशी तुमची अपेक्षा असेल. नाही हो. पुरुषांच्या पहिल्या संघाचे फटके ते. काही अडवले, बरेच गेले. पण अडलेला असो की गेलेला, चेंडू परत मात्र आला नाही. हातात सापडलेला ती मागे जाळीत टाकायची. जाळीत गेलेला तिथेच राहायचा. बघता बघता सगळे चेंडू तिच्या पाठीमागे जमा झाले, आणि पुरुषांचा पहिला संघ, आखूड चड्ड्यांत, बस चुकलेल्या माणसांसारखा उभा राहिला.

मोठे कोच तरातरा आले.

“चेंडू द्या.”

“मैदान द्या.”

“ताई, हा काय पोरखेळ लावलाय?”

“पोरखेळाला अर्धं मैदान पुरतं,” आत्या म्हणाली. “आम्हाला नाही पुरत.”

एक जण चेंडू काढायला जाळीकडे वळला, ती आडवी आली. दुसरा डावीकडून गेला, ती तिकडे. गोलमध्ये शिरणाऱ्याला अडवणं हे तर तिचं रोजचं. कुंपणाबाहेर रस्त्यावरची माणसं थांबायला लागली. सायकली थांबल्या, भाजीच्या पिशव्या थांबल्या. आमच्या एकाही सामन्याला मी इतकी गर्दी पाहिली नव्हती.

एकच चेंडू बाहेर उरला होता, त्यांच्या स्ट्रायकरच्या पायाशी. त्याचं डोकं फिरलं, की इतकी माणसं बघतायत म्हणून, कोण जाणे. त्याने अगदी जवळून सणसणीत फटका मारला. आत्याने हात घातला. जो आवाज झाला तो चेंडूचा नव्हता, हे आम्हाला कुंपणापाशीही कळलं. तिने चेंडू छातीशी धरला, मागे जाळीत टाकला, आणि डावा हात काखेत दाबून पुन्हा गोलच्या मधोमध उभी राहिली. या वेळी नुसता शेंडा नाही, सगळा चेहरा पांढरा.

स्ट्रायकर पुढे आला, मान खाली घालून चुकलं म्हणाला. ती त्याला म्हणाली, मैदान. तो मध्यरेषेकडे गेला आणि शंकू उचलायला लागला, एकात एक घालत. मग आणखी एक जण गेला. मोठे कोच काहीतरी बोलणार, तेवढ्यात अध्यक्षांची गाडी आली. कोणीतरी फोन केला असणार. त्यांनी आधी कुंपणाकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग पुन्हा कुंपणाकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की हा आठवडा महिलांना पूर्ण मैदान द्यायचं त्यांनी कालच ठरवलं होतं.

डाव्या हाताचं मधलं बोट मोडलं होतं. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि सामना विसरा म्हणाले. पट्टीवर पट्टी बांधून आपण खेळणार, असं आत्याने जाहीर केलं. तेव्हा मॅडमनी, ज्यांनी जन्मात कोणाला नाही म्हटलं नव्हतं, तिला नाही म्हटलं. आत्याला इतका धक्का बसला की तिने ऐकलं. गोलमध्ये छोटी उभी राहणार, असं ठरलं. छोटी म्हणजे राखीव गोलकीपर, कॉलेजात शिकणारी. आत्यामुळे बाकावर बसून बसून तिच्या जर्सीचा रंग अजून नव्यासारखा होता.

मैदान मिळालं. शंकू गेले. पहिल्या संध्याकाळी टपालवाली चेंडू घेऊन सुटली, मध्यरेषेपाशी आली आणि थांबली. समोर ना शंकू, ना माणूस. वळली, आडवा पास. पुन्हा सुटली, पुन्हा थांबली. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, पायच उचलत नाही गं.

त्या वेळी मला जो राग आला तो आत्याच्या तोडीचा होता. फळ्यावर ‘तात्पुरती’ लिहिणाऱ्यापासून त्या गोड आवाजाच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना आणून त्या रेषेवर उभं करावं आणि दाखवावं, की बघा, तुमचे शंकू आम्ही उचलले, पण हिच्या पायांतून ते कोणी उचलायचे?

आत्याला खेळता येत नव्हतं, तेव्हा तिने दुसरं काम घेतलं. रेषेच्या पलीकडे, टपालवालीच्या बरोब्बर वाटेवर उभी राहिली आणि तोंड सोडलं. पलीकडच्या घरांना पत्रं येत नाहीत का? रेषेवर काय तुझं सासर आहे? आता थांबलीस तर कपाळावर तिकीट लावून इथूनच घरी पाठवीन. टपालवाली आधी रडली, मग चिडली, आणि चिडून थेट आत्याच्या अंगावर धावून गेली. गेली ती रेषा ओलांडून. आत्या बाजूला झाली आणि टपालवाली पार कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत धावत गेली, थांबायचं कसं ते न सुचून. कोणीतरी टाळी वाजवली. आत्याने तिच्यावरही डोळे वटारले.

फॉरवर्ड मुलींना छोटीवर सराव मिळाला. जाळी हलते म्हणजे काय, हे त्यांना कळलं. छोटी गोल खाऊन खाऊन हिरमुसायची. आत्या म्हणायची, खा, आत्ताच पोटभर खाऊन घे.

सामना अर्थातच भर दुपारी. कुंपणाशी थांबलेल्यांपैकी बरीच माणसं छत्र्या घेऊन आली होती. काका दुकान बंद करून आले होते. त्यांना खेळातलं ओ का ठो कळत नाही, ते फक्त पंचांचे डोळे बघत होते. मॅडमनी आत्याला बाकावर आपल्या आणि पाण्याच्या पिंपाच्या मध्ये बसवलं, म्हणजे उठायला जागा नको.

पहिल्या अर्ध्यात कॉर्नर आला आणि चेंडू छोटीच्या हातून साबणासारखा निसटला. शून्य-एक. मध्यंतरात सगळ्या मुली भिंतीला टेकून आत्याच्या स्फोटाची वाट बघत होत्या. ती छोटीसमोर उकिडवी बसली, उजव्या हाताने आणि दातांनी तिच्या ग्लोव्हचा पट्टा ओढून घट्ट केला, आणि एवढंच म्हणाली की सैल होता. मग उठली.

दुसऱ्या अर्ध्यात बराच वेळ काही घडलं नाही. मग आमच्या कोपऱ्यात टपालवालीला चेंडू मिळाला आणि ती सुटली. समोरचे कोच नेहमीसारखे ओरडले, ‘जाऊ नका अंगावर, ती थांबेल.’ त्यांच्या मुली निवांत उभ्या राहिल्या. आडवा पास अडवायला त्यांनी तोंडंसुद्धा वळवली होती. टपालवाली रेषेवर आली आणि गेली. तशीच गेली. त्यांच्या मुली वळेपर्यंत ती इतकी पुढे होती की पाठलाग करायचीही लाज वाटावी. तिने चेंडू गोलसमोर टाकला, आमच्या फॉरवर्डने नुसता पाय लावला. एक-एक.

बरोबरी. नेहमी आम्ही इथेच समाधान मानतो. बाकावरून आत्याचा आवाज आला, तो लिहिता येत नाही, पण त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. आता टपालवालीला चेंडू मिळाला की दोघी तिच्या अंगावर धावून यायला लागल्या, आणि दोघी इकडे आल्या म्हणजे तिकडे दोघी कमी. तिने लांब पास दिला. आमची फॉरवर्ड एकटी पुढे. तिने मारलेला फटका त्यांच्या गोलकीपरने अडवला. एरवी आमची मुलगी इथे माफी मागून परत फिरली असती. तिने पुन्हा मारला.

दोन-एक. उरलेला वेळ फक्त बचाव करायचा होता, आणि ते आम्हाला कोणी शिकवायला नको. एक फटका छोटीने बोटांच्या टोकांनी खांबाबाहेर ढकलला. शिट्टी वाजली तेव्हा मुली एकमेकींवर पडल्या होत्या, मॅडम रडत होत्या, आणि बाबा, जे सामना बघणार नाही म्हणून घरी थांबले होते, ते छत्रीवाल्यांच्या मागून निघाले.

महिलांची ड्रेसिंग रूम म्हणजे जुन्या जाळ्या आणि रेषा मारायचं यंत्र ठेवायची खोली. तिथे अध्यक्ष फुलांचा गुच्छ आणि फोटोग्राफर घेऊन आले. एका आठवड्याच्या पूर्ण मैदानाने काय करून दाखवलंत, मी म्हणत होतो ना, असं ते म्हणाले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आत्याने वाजवल्या नाहीत. पट्टी होती, आणि नसती तरी वाजवल्या नसत्या.

“एका आठवड्याने एवढं होतं,” ती म्हणाली, “तर इतक्या वर्षांत काय काय झालं नाही, ते कोण सांगणार?”

अध्यक्ष हसले. चष्मा लावलेला असल्यामुळे दिशा बरोबर होती. आजचा दिवस आनंदाचा, असं म्हणून त्यांनी गुच्छ तिच्याकडे दिला आणि जाता जाता मॅडमना सांगितलं की पुढच्या आठवड्यापासून सराव आपला पूर्वीसारखाच, सगळ्यांच्या सोयीने.

“अध्यक्षसाहेब,” आत्या मागून म्हणाली, “माझी अजून नऊ बोटं शिल्लक आहेत.”

फोटोग्राफरने नेमका तेव्हा फोटो काढला. त्यात अध्यक्ष वळून बघतायत आणि गुच्छ रेषा मारायच्या यंत्रावर ठेवलेला आहे.

नऊ बोटांवर क्लबच्या समितीची बैठक झाली. बरीच चर्चा होऊन निर्णय झाला की सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी पूर्ण मैदान महिलांचं, बाकीचे दिवस पुरुषांचं. मॅडमनी आभाराचं पत्र लिहायला घेतलं. मुलींनी आत्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण ती पडली जडशीळ. बाबा म्हणाले, जिंकलीस की गं. तिने त्यांना विचारलं की पुरुषांच्या सकाळच्या वेळा कोणी मोजल्यात का? रोजच्या सकाळी, सगळ्याच्या सगळ्या? आधी मैदान अर्धं होतं, आता आठवडा अर्धा. बाबांनी पेपर शोधायला सुरुवात केली.

मंगळवारी दुकानातून सुटल्यावर ती घरी न येता मैदानावर गेली. मी तिच्या मागोमाग होते. डाव्या हातावर पट्टी, उजव्या हातात ग्लोव्ह. मोठे कोच पोरांना रांगेत उभं करत होते. त्यांनी तिला फाटकातून येताना पाहिलं आणि लांबूनच हात वर केला.

“ताई, आज तुमचा वार नाही.”

“ठाऊक आहे,” आत्या गोलकडे चालता चालता म्हणाली. “म्हणून तर आले.”